जांभळीछाप चिखल

एका जंगलात एक म्हैस राहत होती. हसू नका, बाळांनो, म्हशीही जंगलात राहतात. तिचं नाव जांभळी. जंगलाच्या मधोमध एक डबकं होतं. जांभळी सकाळी त्यात बसायची ती उन्हं कलली की उठायची. एवढंच तिचं काम, पण ते ती फार मन लावून करायची.

तिच्या पाठीवर एक बगळा बसायचा आणि तिच्या अंगावरच्या गोचिड्या टिपायचा. तोवर तो प्रामाणिक होता.

एकदा एक हरिणी पाण्यावर आली. म्हणाली, "अगं बाई, जांभळीचं अंग बघा कसं चकाकतंय!"

ओलं अंग चकाकणारच. पण बगळ्याने कान टवकारले. बगळ्याचे कान दिसत नाहीत, तरी टवकारले.

दुसऱ्या दिवशी पळसाच्या पानांचे पुडे निघाले. आत डबक्यातला चिखल, वर जांभळीचं चित्र. 'जांभळीछाप चिखल. लावा आणि चकाका!'

पुड्यांवर नुसत्या उड्या पडल्या. साळिंदराने चिखल लावला आणि त्याचे काटे एकमेकांना चिकटले. तरी तो सांगत सुटला, "फरक जाणवतो हं!" मोरानेही पिसारा माखून घेतला. मोराला काय कमी होतं? पण शेजारी लावतो म्हटल्यावर तोही लावणारच. तुमच्या घरी वेगळं चालतं का?

जांभळी जाईल तिथे गर्दी होऊ लागली. तिला बरं वाटलं. कोणाला वाटणार नाही?

मग वैशाख आला. जांभळी डबक्याकडे निघाली, तर बगळा आडवा आला. तो आता तिच्या पाठीवर बसत नसे. तिला मॅडम म्हणत असे.

"मॅडम, डबक्यात नको."

"आरं, अंगाची लाही व्हतीया माझ्या!"

"तुम्ही बसलात तर माल खराब होईल. तुम्ही आता म्हैस नाही, ब्रँड आहात."

"मग बरँडनं बसायचं कुठं?"

बगळ्याने तिला उंच खडकावर बसवलं. दर्शनाला रांग लागली. खडकावर सावली नव्हती. सावलीत चेहरा नीट दिसत नाही म्हणे.

इकडे डबकं पुड्यापुड्याने घरोघर गेलं. जांभळीची कातडी सुकली, मग भेगाळली. गोचिड्या वाढल्या, पण त्या टिपायला बगळ्याला वेळ कुठे होता! शेवटी ती खडकावरून उतरली आणि धावत डबक्यापाशी गेली. तिथे कोरडा खड्डा होता. ती त्यातच बसली आणि रडली. खरं सांगतो, इथे मलाही वाईट वाटतं.

बगळा मागोमाग आला. "ए म्हशी, रडणं पुरे. तोंड जरा उजेडाकडे कर."

"मूठभर चिखल दे रं बाबा."

"संपला. नवा नदीकाठाहून येतोय. पण तुझ्यासाठी एक काम आहे."

नव्या पुड्यावर दोन चित्रं झळकली. उजवीकडे नदीकाठची एक तुकतुकीत म्हैस होती. ती वाहत्या पाण्यात डुंबायची, चिखल तिने कधी लावलाच नव्हता. तिच्याखाली लिहिलं होतं, 'नंतर'. डावीकडे जांभळी. तिच्याखाली, 'आधी'.

एक कोल्हीण पुडा हातात घेऊन हळहळली. "कोण गं ही बिचारी? वेळेवर जांभळीछाप लावला असता, तर अशी दशा झाली नसती."

तात्पर्य : बाळांनो, मोठेपणी खुशाल प्रसिद्ध व्हा. रूप गेलं तरी घाबरू नका. पुड्याला डावी बाजूही असते.