बाग्योच्या कवितेवर पाळत

"वळून बघू नका, पण तो आजही आलाय," लारास चहाच्या पेल्यात तोंड खुपसून पुटपुटली.

वळून बघू नका म्हटल्यावर माणूस जे करतो तेच बाग्योनं केलं. अंगणाच्या मागच्या भिंतीला टेकून तो माणूस बाकावर बसला होता. सेमारांग शहराच्या उकाड्यात रविवारी संध्याकाळी लोक सदऱ्याची वरची दोन बटणं उघडी टाकून फिरतात, आणि या गृहस्थाच्या अंगात काळं चामड्याचं जॅकेट! केस इतके बारीक की डोक्याचे उंचसखल भाग लांबून दिसावेत. समोर गोड चहा, बशीत सोयाबीनचं तळलेलं तेंपे. नजर थेट माईकवर. टाळ्या वाजवायला दोन्ही हात मोकळे होते, पण पठ्ठ्या वाजवत नव्हता.

बू लास्त्रीच्या कॉफीच्या दुकानामागच्या अंगणात दर रविवारी कवितांची बैठक भरायची. ज्याला वाटेल त्यानं फळ्यावर नाव लिहावं आणि माईकपुढं उभं राहावं. हे सगळं बाग्योनं सुरू केलं होतं. माईक त्याचा, फळा त्याचा, निवेदनही त्याचंच. स्वतःची कविता तो सगळ्यात शेवटी म्हणायचा. शेवटची जागा मानाची असते, असं त्याचं म्हणणं. तोवर निम्मे लोक उठून गेलेले असतात, हे त्याला कुणी सांगत नसे.

एरवी बाग्यो सरकारी कचेरीत कारकून होता. त्याची गाजलेली कविता 'खुर्ची' ही साहेबाच्या खुर्चीवर होती, म्हणजे वरवर खुर्चीवर आणि आतून सत्तेवर. गाजली होती ती लारास आणि बैठकीतले म्हातारे कवी दार्सोनोकाका, या दोघांत.

"मला काय काय विचारत होता, माहितीये?" बू लास्त्री ट्रे घेऊन जवळ आली आणि आवाज खाली आणत म्हणाली. "दर रविवारी असतं का? नेमानं कोण कोण येतं? संपल्यावर कुठं जातात?"

"मग तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, मी फक्त चहा करते."

बाग्योनं 'खुर्ची'चा कागद घाईनं खिशात घातला. "गुप्त पोलीस," तो म्हणाला. "नोकरी गेली माझी. निदान बदली तरी नक्की. बोर्निओच्या जंगलात."

त्या दिवशी सगळ्यांनीच आपापल्या कविता घाईघाईनं दुरुस्त केल्या. लारास कॉलेजात शिकणारी तडफदार मुलगी, तिची कविता जुलमी राजावर होती. ऐनवेळी तिनं राजाच्या जागी वांगं घातलं आणि मूठ उगारून गरजली, "हे वांग्या, तुझा मुकुट आम्ही उतरवणारच!" तिला आजवर मिळाल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या मिळाल्या. बाग्योनं माईक हातात घेऊन आधीच खुलासा केला, "ही कविता आमच्या घरातल्या खुर्चीवर आहे. लाकडी आहे. पाय मोडलाय. बाकी काही नाही."

घरी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. विनार्ती भात उकरता उकरता थांबली.

"तुझी कविता ऐकायला सरकारनं माणूस पाठवला?"

"हळू बोल."

"पगार देत असतील ना त्याला?"

"अर्थात."

"मग ठीक आहे," विनार्ती म्हणाली. "फुकट कुणावर ही वेळ येऊ नये."

बातमी दडपायची असं ठरलं होतं, म्हणून ती गावभर झाली. पुढच्या रविवारी अंगणात बसायला जागा उरली नाही. ज्यांनी जन्मात कविता ऐकली नव्हती ती पोरं मोबाइल घेऊन आली आणि भिंतीकडं पाठ करून आपला फोटो काढू लागली, मागे जॅकेट यावं म्हणून. बू लास्त्रीनं शेजाऱ्याकडून चटया मागवल्या आणि तेंप्याचा घाणा दुसऱ्या शेगडीवरही चढवला. पहारा असलेल्या कवींकडं लोक आदरानं बघू लागले. बाग्योला भीती वाटत होती हे खरं, पण त्या भीतीला जरा इस्त्री केल्यासारखं झालं होतं. तो आता काळा सदरा घालून यायचा आणि बोलताना मध्येच थांबून दूर बघायचा.

आणि अशा ऐन भरात त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. तो 'खुर्ची'चं तिसरं कडवं म्हणत होता, सत्तेच्या वाळवीचं, सगळ्यात जहाल, आणि मागच्या बाकावरच्या माणसाची मान छातीवर पडली होती. तो झोपला होता!

"दमला असेल," लारास म्हणाली.

"कामावर असताना? वाळवीच्या कडव्याला?" बाग्यो संतापला. "माझ्या आधी तर टक्क जागा होता!"

त्याच्या आधी दार्सोनोकाका होते. काका रेल्वेतून निवृत्त झालेले तिकीट तपासनीस. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरी एकटे. नेहमी एकाच विषयावर लिहायचे: समुद्र आणि डोंगर. समुद्र रोज डोंगराकडं धाव घेतो, पोचत नाही, पुन्हा निघतो. एवढंच. बाग्योला त्या कविता मिळमिळीत वाटायच्या, पण म्हाताऱ्या माणसाला काय बोलायचं! आता मात्र त्यानं पाळत ठेवली. काकांचं नाव पुकारलं की जॅकेटवाला पुढं सरकून बसायचा. काकांची कविता संपली की तो मागे टेकायचा आणि जरा वेळानं डुलकी काढायचा.

"डोंगर म्हणजे सरकार," बाग्यो लारासला म्हणाला. "आणि समुद्र म्हणजे जनता. आपल्याला कळलंच नाही. म्हातारा आपल्या सगळ्यांपेक्षा जहाल निघाला."

हे बोलताना त्याच्या आवाजात मत्सर होता, हे त्याला स्वतःला कळलं आणि म्हणूनच तो अधिक चिडला. पण त्याच संध्याकाळी त्यानं आणखी एक गोष्ट पाहिली. काका माईकपुढं जाण्याआधी केळीच्या झाडामागं गेले, फोनवर काहीतरी कुजबुजले, फोन सदऱ्याच्या खिशात टाकला आणि तसेच कविता म्हणायला उभे राहिले. पातळ कापडातून खिसा उजळलेला दिसत होता. फोन चालूच होता.

"कुणाचा फोन होता, काका?" बाग्योनं नंतर सहज विचारल्यासारखं विचारलं.

काका दचकले. "घरून."

"घरी कोण आहे तुमच्या?"

"म्हणजे... घराबद्दल होता," असं म्हणून काकांनी चहा अर्धा टाकला आणि सायकलवर टांग मारून निघून गेले.

बाग्योला त्या रात्री झोप लागली नाही. उलगडा लख्ख झाला होता. काका जहाल नव्हतेच. काकाच खबऱ्या होते. खिशातून सगळी बैठक वर पोचवत होते, आणि जॅकेटवाला त्यांचा साहेब होता. आपला माणूस नीट काम करतोय ना, एवढंच तो बघायचा. म्हणूनच बाकीच्या कवितांना झोप!

खात्री करायला त्यानं सापळा लावला. आठवड्याच्या मध्यात तो काकांच्या घरी गेला आणि म्हणाला, "या रविवारी चारला नाही, तीनला सुरू करतोय. बाकीच्यांना मी कळवतो." त्यानं दुसऱ्या कुणालाच कळवलं नाही. रविवारी तो बू लास्त्रीच्या स्वयंपाकघरात परातीमागं दबा धरून बसला. तीन वाजायला आले तशी फटफटी वाजली. हेल्मेट काखेत धरून जॅकेटवाला रिकाम्या अंगणात आला, इकडंतिकडं बघू लागला.

"बघितलंस?" बाग्यो बू लास्त्रीचा दंड धरून म्हणाला.

"बघितलं. आता हात सोड, तेल तापलंय."

कायम मागच्या दारानं पळणारा माणूस कधीतरी वळून उभा राहतो, तसं बाग्योचं झालं. भीती एकदम गेली. नोकरी जाऊ दे, बोर्निओ तर बोर्निओ. ज्या म्हाताऱ्याला आपण खुर्ची दिली, चहा पाजला, त्यानं आपल्याला विकावं? त्यानं तिथंच, पिठाच्या पिशवीवर बसून, नवी कविता रचली. दोघांचाही एका झटक्यात निकाल लावायचा होता.

चार वाजता अंगण भरलं, तीनला येऊन बसलेले काकाही त्यात होते. लारासचं वांगं झालं, आता लोक त्याची फर्माईश करत. काकांचा समुद्र झाला. काका जागेवर येऊन बसले, खिसा अजून उजळलेलाच होता. मग बाग्यो माईकपुढं गेला. त्यानं हात उचलून थेट मागच्या भिंतीकडं रोखला.

"तू! जो मागे बसून आमचे श्वास मोजतोस,
कुणी पाठवलं तुला?
जा, सांग तुझ्या वरच्यांना,
प्रेम करणाऱ्यांवर पहारा बसवता येत नाही!"

बाग्योला देशावरचं प्रेम म्हणायचं होतं, पण घाईत देश राहून गेला. जॅकेटवाला झोपला नव्हता. तो पांढराफटक पडला होता. बाग्योला स्फुरण चढलं. त्यानं हात काकांकडं वळवला.

"आणि तू, रे म्हाताऱ्या समुद्रा,
ज्याच्या खिशात उजेड दडलाय,
किती दिवस लपवणार?
बोल! सगळ्यांसमोर बोल!"

काका उठून उभे राहिले. सगळ्या माना त्यांच्याकडं वळल्या. आणि काकांचा खिसा बोलला. आवाज बाईचा होता.

"अहो, कोण ओरडतंय एवढं? सांगून टाका ना एकदाचं! आपण काय चोरी केलीये?"

"सुमिराह, जरा थांब..." काका खिशाला म्हणाले.

"आई?" मागच्या बाकावरून आवाज आला. जॅकेटवाला ताडकन उभा राहिला होता. बशीतलं तेंपे खाली सांडलं.

खिसा म्हणाला, "तोतोक? तू तिथं काय करतोयस? तू मित्राच्या मुलीच्या बारशाला गेला होतास ना?"

एवढा धिप्पाड माणूस, त्याचं नाव तोतोक निघालं, तिथंच लोकांवरचा अर्धा दबदबा उतरला. उरलेला त्याच्या चेहऱ्यानं उतरवला. शाळेत कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखा तो उभा होता.

"मला ताईनं पाठवलं, आई," तो खिशाला सांगू लागला. "ती म्हणाली, कोण माणूस आहे, कसा आहे, घरावर डोळा आहे का, बघून ये."

"मग काय दिसलं?"

"आई, इथं लोक आहेत."

"मला ऐकू येतायत. काय दिसलं ते बोल."

तोतोकनं काकांकडं पाहिलं. काका दोन्ही हातांनी खिसा धरून उभे होते, जणू तो कुणी हिसकावून नेईल.

"चांगला माणूस आहे," तोतोक हळूच म्हणाला. "चहाचे पैसे स्वतः देतो. कविता म्हणताना डोळे मिटतो, कुठल्या बाईकडं बघत नाही. सायकलला दिवा आहे." मग तो बाग्योकडं वळला. "पण मी ताईला काहीच कळवलं नव्हतं. वाटायचं, लोक काय म्हणतील, या वयात आईचं लग्न? आज तुम्ही विचारलंत ना, कुणी पाठवलं तुला, तेव्हा वाटलं, सापडलोच. तुम्हाला कसं कळलं हो सगळं?"

बाग्योचा हात अजून हवेतच होता. "म्हणजे तुम्ही... खात्याचे नाही?"

"कुठल्या खात्याचे?"

"सरकारी."

"मी बर्फाच्या कारखान्यात असतो. रात्रपाळी करतो, आणि रविवारी डोंगरातल्या गारठ्यातून फटफटीनं उतरून इकडं येतो, म्हणून हे जॅकेट. तुमच्या कवितेपर्यंत डोळे उघडे राहायचे नाहीत. राग मानू नका."

"अजिबातच सरकारी नाही?" बाग्योनं शेवटची आशा धरून विचारलं. "नात्यात कुणी?"

"एक मावसभाऊ पोस्टात आहे."

अंगणात हळहळ पसरली. फोटो काढायला आलेल्या पोरांनी मोबाइल खिशात टाकले. पण पुढच्याच क्षणी काका बाग्योच्या गळ्यात पडून रडायला लागले, "बाळा, तू नसतास तर मला जन्मात धीर झाला नसता," आणि लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या, जशा बाग्योला उभ्या आयुष्यात मिळाल्या नव्हत्या. खिशातून सुमिराहबाई विचारत होत्या, "तो ओरडणारा मुलगा कोण? त्याला लग्नाला बोलवा." तीन वाजताचं कोडंही सुटलं. काकांनी सुमिराहबाईंना नवी वेळ कळवली होती; आईनं त्या दिवशी जेवण लवकर उरकून फोन चार्जिंगला लावला, तेव्हाच आज बैठक लवकर आहे हे तोतोकनं ताडलं होतं.

लग्न डोंगरावरच्या गावात साधेपणानं झालं. ताई आधी फुगून बसली होती, मग पाहुण्यांना वाढायला उठली. बाग्योला तिथं कविता म्हणायचा आग्रह झाला. खुर्चीवरची नको, म्हणाले, ती प्रेमाची. बाग्योनं दोनदा समजावून पाहिलं की ती कविता दडपशाहीविरुद्ध आहे. लोकांनी माना डोलावल्या आणि नवरानवरीकडं बघून डोळे पुसले.

त्यानंतर बैठकीला पुन्हा नेहमीची माणसं येऊ लागली. एका रविवारी मात्र एक अनोळखी बाई पहिल्या रांगेत येऊन बसली. हडकुळी, मांडीवर छत्री, चेहऱ्यावर हसू नाही. बाग्योकडं एकटक बघत होती. 'खुर्ची' सुरू झाली तरी तिची पापणी लवली नाही, वाळवीच्या कडव्याला तिनं मान पुढं काढली. बाग्योच्या अंगावर सुखाचा काटा आला. या वेळी नक्की सरकारी! बायका तर आणखी वरच्या हुद्द्याच्या असणार.

कविता संपल्यावर ती सरळ त्याच्याकडं आली. आजूबाजूला बघून घेतलं आणि आवाज उतरवून म्हणाली, "बाग्यो तुम्हीच ना?"

"मीच," बाग्यो छाती काढून म्हणाला. "विचारा काय विचारायचं ते. मी शब्द मागे घेणार नाही."

"घेऊ नकाच," बाई म्हणाली. "माझा थोरला भाऊ माझ्या मुलीच्या लग्नाला आडवा आलाय. पुढच्या रविवारी मी त्याला इथं आणून बसवते. त्यालाही तसंच बोट रोखून झापाल का? फक्त जरा मोठ्यानं म्हणा, त्याला डाव्या कानानं कमी ऐकू येतं."

बाग्योनं माईकची वायर गुंडाळायला घेतली.

"त्यांना माझ्या उजवीकडं बसवा," तो म्हणाला. "आणि मुलाचं नाव सांगा. यमक बघावं लागेल."