नदीपार मारलेल्या लाइनीची हकिगत

श्री. जी वाणी सर्वांच्या मुखी बसते आणि कोणाचीच होऊन राहत नाही, तीस नमन असो. शके सतराशे एकोणतीस, स्वप्ननाम संवत्सर, जे पंचांगात सापडत नाही परंतु त्या राज्यात खचित उजाडले होते. प्रथम विसाजीपंत प्रधान यांस काय मिळावयाचे होते ते मांडावे, म्हणजे पुढील वर्तमान समजण्यास सोपे. दोन दौलतींच्या मधून नदी वाहत असे, ती झोपेतल्या माणसाप्रमाणे कूस बदले, आणि काठची अमराई कधी अलीकडे तर कधी पलीकडे दिसे. हद्द अमराईच्या पलीकडून आखली गेली तर अमराई महाराजांची होणार, आणि महाराज ती पंतांस बक्षीस देणार, असे बोलणे जाहले होते. म्हणजे पंतांस मिळावयाचे काय, तर हापूसची सावली, नदीवरचा वारा, दुपारची अखंड निद्रा, आणि व्याह्यांच्या पंगतीत सहज सांगावयास एक विषय. इतके मिळावयाचे, आणि वेचावयाचे काय, तर एक हुकूम लिहिण्यापुरती शाई.

आता त्या राज्यात पूर्वी एक टोपीकर पाहुणा राहून गेला होता आणि जाताना छत्री विसरावी तैसा एक शब्द विसरून गेला, तो शब्द लाइन. लोकांनी तो उचलला आणि मग काय विचारता, पाणवठ्यावर घागरी मांडल्या ती लाइन, राजमार्गावरचे दिवे विझले की लाइन गेली, वर पाहावयास जावे तर मुलगा कोणत्या लाइनीत आहे, वाया गेलेला भाचा सुधारला की लाइनीवर आला, आणि धुके पडले की सारे नगर त्या एका शब्दावर तरंगत असल्यासारखे वाटे. घाटावरच्या तरुण मंडळींनी त्याचा आणखी एक उपयोग काढला होता, परंतु तो नजरेने करावयाचा असल्यामुळे वडीलधाऱ्यांच्या कानी गेला नव्हता. पंतांच्या घरात रेघ हा शब्द नांदत होता, हद्द हा शब्द होता, तरी नवा शब्द वापरल्याने अक्षरास भारदस्तपणा येतो ऐसे मनात आणून त्यांनी हुकूम लिहिला की, सुभानराव मोजणीदार यांनी नदीपार जाऊन लाइन मारावी, लाइन सरळ असावी, मध्ये तुटू नये, दोन्ही दौलतींस दिसावी.

हे सुभानराव आजोळी वाढलेले, वडील लहानपणीच वारलेले, आणि वडिलांची मोजणीदारी नुकतीच वारशाने चालत आलेली. हुकूम वाचून कानापर्यंत लाल जाहले आणि म्हणाले, "पंत, हे आपण स्वतः लिहिलेत?"

"मग काय भिंतीने लिहिले? लाजता कशास? तुमचे तीर्थरूप या कामात मुरलेले. अर्ध्या मुलखात त्यांच्या लाइनी आहेत."

"आणि आमच्या मातोश्रींस हे ठाऊक होते?"

"ठाऊक? अहो, दशम्या त्याच बांधून देत."

सुभानराव हुकमाची घडी शेल्यात खोचून म्हणाले, "सुरुवात कोठून करावी?"

"पलीकडच्या काठच्या वडापासून. मग हळूहळू पुढे सरकावे. घाई केली की लाइन वाकडी जाते. कोणी आडवे आले तर शिक्का दाखवावा."

मग सुभानराव अत्तर लावून, पानाचा डबा घेऊन नावेत बसले, आणि नदीवर धुके ऐसे होते की नाव पाण्यावर चालली की कोणाच्या निद्रेतून चालली हे नावाड्यासही सांगवेना. पलीकडे वडाखाली त्या दौलतीची कन्या सगुणाराजे चार भालदारांसह बसली होती, कारण तिच्या वडिलांनी तीस सांगितले होते की कोणी हद्द आखावयास येईल त्यास परत लावावे.

"कशास आलात?"

"लाइन मारावयास."

"दोरी कोठे आहे? चुना कोठे आहे?"

"चुना आहे," म्हणून सुभानरावांनी पानाचा डबा उघडला.

तेव्हा राजकन्येने डबा पाहिला, हुकूम वाचला, पुन्हा वाचला, आणि पदर तोंडाशी नेला. तो टोपीकर त्यांच्याकडेही राहून गेला होता. ती म्हणाली, "आमच्याकडे या कामास आधीच लाइन आहे. शेवटी उभे राहा. आणि काम चालणार तरी किती दिवस?"

"पंत म्हणाले, घाई करू नये."

"पंत शहाणे दिसतात," असे म्हणून तिने विडा उचलला, आणि समजावून सांगण्याचे काम आपले नव्हे ऐसे जाणून सुभानरावांची चूक सुधारली नाही. मग धुके राहिले, सुभानराव राहिले, आणि आंब्याचा मोहोर गळून कैऱ्या धरल्या.

परत आल्यावर भर दरबारात महाराजांनी पुसले, "लाइन मारलीत?"

"मारली, महाराज."

"पलीकडून हरकत?"

"आरंभी होती. आता नाही."

पंतांस राहवेना, म्हणाले, "किती आत नेलीत?"

"त्यांच्या देवघरापर्यंत."

पंतांनी आनंदाने मिशीवर हात फिरविला, तोच पलीकडील दौलतीचे पत्र आले आणि ते मोठ्याने वाचले गेले की, आपल्या मोजणीदारांनी शिक्कामोर्तब हुकमाने कन्येस मागणी घातली, ती मान्य आहे, आणि वादाची अमराई दोन्ही दौलतींनी मिळून कन्येस आंदण द्यावी, म्हणजे हद्दीची गरजच उरत नाही. दरबार खाली पाहू लागला. महाराजांनी हुकूम मागवून वाचला आणि बहुत वेळ हसू आवरून पुसले, "पंत, अक्षर कोणाचे?"

"सेवकाचे."

"कामात कसूर जाहली काय? सरळ आहे, तुटली नाही, दोन्ही दौलतींस दिसते."

"कसूर नाही, महाराज," पंत म्हणाले, आणि आंदणपत्रावर प्रधान या नात्याने त्यांनीच सही केली.

येणेप्रमाणे तात्पर्य. सुभानरावांस घर मिळाले, सगुणाराजांस अमराई आणि सांगेल तिकडे सरळ चालणारा नवरा मिळाला, दोन्ही राजांस लढाईवाचून सोयरीक मिळाली, शब्दास आणखी एक अर्थ उजळ माथ्याने मिळाला, आणि या सर्वांचे मोल एकट्या विसाजीपंतांनी भरले.