नक्षी उठली की पाठवतो

आमच्या खालच्या मजल्यावरचे पेडणेकर लिंबं मागायला येतात. सरबतासाठी नव्हे, लोणच्यासाठी तर नव्हेच. खंजिरांना आंघोळ घालायला!

"वहिनी, तीन लिंबं मिळतील?"

कधी तीन, कधी पाच. एकदा मी चार दिली, तर एक परत केलं. "सम नको. सम म्हणजे नकली."

पेडणेकर मूळचे रत्नागिरीचे. इथे आखातात, फरवानियात, चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतात. पन्नाशी उलटली, लग्न नाही. वेड एकच, केरिस. केरिस म्हणजे जावाकडचा खंजीर, बहुतेक नागमोडी पात्याचा. त्याची वळणं म्हणे कायम विषम असतात. झालं! तेव्हापासून हा माणूस पोळ्या तीन खातो, इडल्या पाच खातो, आणि गणपतीला आमच्याकडे जेवायला आला की चौथ्या मोदकावर कधी थांबत नाही. मोदक करताना माझा जीव मेटाकुटीला येतो, ते वेगळंच.

"म्हणून लग्न केलं नाहीत होय?" आमचे हे एकदा म्हणाले. "दोघं म्हणजे सम!" आम्ही सगळे खो खो हसलो. पेडणेकरही हसले, पण जरा उशिरा.

त्यांच्याकडे केरिस सात. त्यातले सहा जुन्या बाजारातले आणि नकली, हे तेच सांगतात. "लिंबू चोळलं की खोट्याची नक्षी धुऊन जाते, वहिनी. खऱ्याची उठून येते. दोन जातींचं लोखंड एकत्र ठोकलेलं असतं ना, नक्षी त्याच्या पोटातच असते." मग पातं कोरडं पुसायचं, चंदनाचं तेल लावायचं. बाहेर काढताना पातं ओढायचं नाही, म्यान हळूच सरकवायचं, आणि पातं कपाळाला लावायचं.

"अहो, हत्यार आहे की देव्हाऱ्यातला बाळकृष्ण?"

"घरातलं मोठं माणूस आहे, वहिनी."

आमची लेक त्यांना 'नाइफ अंकल' म्हणते. एकदा यांच्या ऑफिसातले कुलकर्णी बालीहून सोनेरी मुठीचा केरिस घेऊन आले. केवढी ती ऐट! पेडणेकरांनी भिंग लावून वळणं मोजली. "दहा," म्हणाले आणि भिंग खिशात टाकलं. "कलिंगड कापायला बरा आहे." कुलकर्णी अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

सातवा केरिस मात्र पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला. त्याला कोणी हात लावायचा नाही. "हा माझा नाही. रत्नाला परत पाठवायचा आहे. नक्षी उठली की पाठवतो." हे मी वर्षानुवर्षं ऐकत आले. रत्ना म्हणजे पेडणेकरांची रत्नागिरीची बहीण, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. वर दटावायचेसुद्धा, "बहिणीची वस्तू किती दिवस दाबून ठेवणार?" ते म्हणायचे, "खरंय."

गेल्या आठवड्यात आले. "वहिनी, दोन लिंबं द्या."

"दोन? तब्येत बरी आहे ना?"

ते स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. "शेवटची आंघोळ आहे. रत्नाचे वडील गेले. तिचा भाऊ केरिस मागतोय. दुकानातली एक बाई जावाला निघालीय, तिच्या सामानात देतोय."

"म्हणजे रत्ना तुमची बहीण नव्हे?"

रत्ना जावाची. इथेच जवळ अर्दियात एका म्हाताऱ्या बाईंची देखभाल करायची. बाईंना घेऊन चष्म्याला यायची, मग चष्मा नसला तरी यायला लागली. एकदा सुट्टीवरून येताना वडिलांचा केरिस घेऊन आली. तिकडे सासरे जावयाला देतात म्हणे. काम संपवून कायमची परत गेली, तेव्हा म्हणाली, आपल्या लग्नाला ये. रजा नाही मिळाली तर हा पाठव. आमच्यात नवरदेव येऊ शकला नाही, तर त्याच्या जागी त्याचा केरिस बसतो.

"मग?"

"आईला कसं सांगू, कसं सांगू करत राहिलो. रत्नाचा फोन यायचा, केरिस कधी पाठवतोस? मी म्हणायचो, गंज फार आहे गं, नक्षी उठू दे. दोन वर्षं थांबली ती. मग तिचं लग्न झालं. आई गेली, तिला सांगायचं राहिलंच."

त्या सम-विषमाच्या थट्टेला आपण दात काढले होते, ते आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. टोपलीतली चांगली रसदार दोन लिंबं निवडून मी त्यांच्या हातावर ठेवली.

"मग उठली का नक्षी एकदाची?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

पेडणेकर लिंबं घेऊन दारापर्यंत गेले, चपला घातल्या.

"नक्षी पहिल्याच आंघोळीला उठली होती, वहिनी."