भुशाचा गोळा

मेहुण्याच्या हातून गोळा तिसऱ्यांदा निसटला आणि कवायत शिकवणाऱ्या उस्तादाच्या बुटापासून वीतभर अंतरावर आदळला, तेव्हा सुताराने मनातल्या मनात बायकोची माफी मागितली. "माझ्या भावाला धड परत आणा," एवढंच तिने निघताना बजावलं होतं. मेहुण्याची पाठ जन्माची अधू. पण लढाईच्या भरतीत पाठ कोण बघतो? दोन पाय दिसले की झालं.

तोफखान्याच्या त्या छावणीत तोफच नव्हती. खऱ्या तोफा सगळ्या आघाडीवर. इथे सुतारानेच ठोकलेल्या लाकडी तोफांवर सराव चाले. गोळा उचलायचा, नळीत सारायचा आणि शेवटच्या माणसाने तोंडाने "धडाम!" म्हणायचं. प्रत्येक तुकडीचा गोळाही लाकडीच, पण वजन खऱ्याइतकं भरावं म्हणून पोटात लोखंडाचे तुकडे कोंबलेले.

"परवा परीक्षा!" उस्ताद गरजला. "जी तुकडी शेवटची येईल, ती बंदुका घेऊन खंदकात!"

खंदकात गेलेल्यांची पत्रं महिन्याभरात बंद होतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सुताराने दुरुस्तीच्या नावाखाली आपल्या तुकडीचा गोळा शेडमध्ये नेला, लोखंड काढलं, भुसा भरला आणि वरून रंग फासला.

परीक्षेत मेहुण्याने तो गोळा तान्ह्या बाळासारखा अलगद उचलला.

"कण्ह, मेल्या! कण्ह जरा!" सुतार पुटपुटला.

मेहुणा मग असा कण्हला, की शेजारची तुकडी काम सोडून बघत राहिली. इतरांना चाळीस सेकंद लागले, यांना एकोणीस. यायचं होतं शेवटून दुसरं, आले पहिले. उस्तादाने लगबगीने मोठ्या साहेबांना बोलावून आणलं.

"पुन्हा करा," साहेब घड्याळ काढून म्हणाले. या वेळी अठरा. साहेब पुढे आले तसा सुताराचा जीव टांगणीला लागला. पण त्यांनी गोळ्याला हात लावला नाही, मेहुण्याची पाठ थोपटली. तीच अधू पाठ.

"असे वाघ इथे सडवायचे नसतात. बाकीच्यांना आणखी दोन महिने घासा. ही तुकडी उद्या सकाळी आघाडीवर!"

सुतार धापा टाकत उस्तादाच्या खोलीवर गेला. "उस्ताद, चूक झाली. त्या गोळ्यात भुसा आहे हो!"

"माहीत आहे," उस्ताद बूट पुसत म्हणाला. "सकाळीच उचलून पाहिला."

"मग बोलला का नाहीत?"

उस्तादाने मान वर केली नाही. "महिन्यात एक तरी तुकडी तयार करा, नाहीतर तुम्हीच तिकडे जा, असं लेखी आलंय. मलाही बायको आहे, बाबा."

चार दिवसांनी ते खऱ्या तोफेपाशी उभे होते. समोरच्या टेकडीमागून धूर येत होता आणि इथे "धडाम" तोंडाने म्हणायची गरज नव्हती. मेहुण्याने पहिल्या गोळ्याकडे पाहिलं.

"दाजी, यात काय भरलंय?"

सुताराला रडू आवरेना. तो खाली वाकला. "तू तिकडून धर. मी इकडून धरतो."

दोघांनी मिळून गोळा उचलला. मेहुणा कण्हला. या वेळी त्याला कुणी सांगायची गरज पडली नाही.