व्यंकोबारावांचं एकशब्दी इंग्रजी

माझ्या सासूबाई पहाटे गेल्या. आठ वाजता डॉक्टर आले आणि माझ्या नवऱ्याला हळूच म्हणाले, "रिगर हॅज सेट इन. फार वेळ ठेवू नका." तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या कोपराला टोचलं. शेजारचे व्यंकोबाराव टेलर. एका हातात पेन्सिल, दुसऱ्या हातात उघडी वही.

"अक्का, हे कुठलं सेट?"

मी थिजले. पण मी शाळेत शिकवते, विचारलं की सांगायची सवय. "अंग ताठ झालं," तोंडातून निघून गेलं. त्यांनी ते लिहून घेतलं, सासूबाईंच्या पाया पडले आणि ओक्साबोक्शी रडले. तीस वर्षं त्यांच्या चोळ्या यांनीच शिवल्या होत्या.

मी सोलापूरची, लग्न होऊन म्हैसूरला आले. व्यंकोबारावांचं घराणं पिढ्यानपिढ्या इथलं. घरात मराठी, तीही निम्मी कन्नड. इंग्रजी शून्य. मग जयलक्ष्मीपुरमच्या एका प्रोफेसरांनी पॅन्टचं माप देता देता सांगितलं, की इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थ 'सेट' या शब्दाला आहेत. झालं.

"सगळी भाषा या वयात कुठं शिकू, अक्का? एक शब्द पुरा शिकतो. एकाच ताग्यातनं सगळे कपडे."

सेट दोसा, टीव्हीचा सेट, बाही सेट करणं, हे पहिल्याच पानावर संपलं. मग ते शिकारीला बाहेर पडले. एकदा नंजनगूडच्या बसमध्ये मीही बरोबर होते, तिथं दोन कॉलेजकन्यका भांडत होत्या. एक म्हणाली, "यू सेट मी अप." व्यंकोबाराव उठून दोघींच्या मधे उभे राहिले. "सुम्ने, उगीच भांडू नका, आधी अर्थ सांगा." कंडक्टर आला. मी पुढच्या स्टॉपला उतरले, नंजनगूड अजून सहा मैल होतं तरी.

या सगळ्याचं कारण म्हणजे त्यांची नात. मुलगा परदेशात, नात आठ वर्षांची, तिला इंग्रजीशिवाय काही येत नाही. रविवारी फोन येतो. ती "हाय" म्हणते, हे "हाय" म्हणतात, की संपलं. दसऱ्याला ती येणार होती. तोवर वही भरायची होती.

आठ दिवस आधी येणं रद्द झाल्याचा निरोप आला. व्यंकोबाराव माझ्या दारात.

"आता तरी ती वही ठेवा," मी म्हटलं.

"ठेवतो. पण अक्का, 'कधी निघणार' हे सेटमधी बसतं काय?"

नाही म्हणून सांगणारच होते. तरी शाळेचा जाडा शब्दकोश काढला, चष्मा लावला आणि बोट फिरवत गेले. सेट औट. निघणे, प्रवासाला लागणे. सापडलं तेव्हा मलाच धक्का बसला.

रविवारी मी ब्लाउज न्यायला दुकानात गेले, तेव्हा ते फोनवर होते. "व्हेन यू सेट औट?" त्यांनी विचारलं. मग ती पोरगी बोलायला लागली. दहा मिनिटं तरी बोलली. व्यंकोबाराव फोन कानाशी घट्ट धरून "यस, यस" करत उभे होते.

"कधी येते म्हणाली?" मी विचारलं.

"काय की. शाळा, कुत्रा, असं काहीतरी. कळलं नाही." ते मशीनवर बसले. "पण बापानं फोन ठेव म्हणून दोनदा हाक मारली, अक्का. तरी ठेवला नाही तिनं."