गुरुजींचा जर्मनी

मी रामटेके गुरुजींचा जर्मनी गाईला खाऊ घातला.

अख्खा घातला. डब्याच्या कडेला चिकटलेलाही बोटाने निपटून दिला. खाऊन झाल्यावरही गाय दारातून हलेना, तेव्हा वर तिला म्हणालो, "बस झालं, आता शेजारी जा." शेजारी म्हणजे गुरुजींचंच घर.

हे वाचून तुम्हाला माझ्या डोक्याची शंका येईल. त्याआधी गुरुजींचं डोकं पाहून घ्या.

गुरुजी तुमसरच्या एका शाळेतून भूगोल शिकवून निवृत्त झाले. एकटेच राहतात. उंच, वाळके, खिशाला दोन पेनं, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावर झोपलेला पोरगा थेट विषुववृत्तावर जागा व्हावा. माणूस सरळ. फक्त वर्षभरापासून त्यांनी एक नवीनच काम काढलं आहे. दर शनिवारी ते एका देशाचं आलूचं सलाद करतात. एक शनिवार, एक देश.

आता आमच्याकडे आलू म्हणजे काय? वांग्याच्या सोबतीने लाल तर्रीत पोहणारी, जिभेला चटका देणारी वस्तू. तो उकडायचा, गार करायचा, दह्यात पांढरा करायचा आणि वर आणखी गार करून खायचा, हे ऐकूनच गल्लीला धक्का बसला होता. प्रत्यक्षात बसला तो वॉर्डाच्या जेवणात. गुरुजींनी आलू-वांग्याने भरलेल्या मोठ्या गंजाशेजारी आपला रशिया नेऊन ठेवला. गाजर, मटार, उकडलेलं अंडं, सगळं बारीक कापून आलूत कालवलेलं. जवळच्या राइस मिलमधले एक म्हातारे हमाल पहिला घास घेऊन असे दचकले, की आम्हाला वाटलं मुंगळा चावला.

"थंडा आहे ना बे!" ते ओरडले. "आचाऱ्याले म्हणा, चूल विझली!"

"थंडच असते जी," गुरुजी म्हणाले. "आधी देश समजून घ्या, मग चमचा उचला."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तुम्ही चमचा उचलला की ते तुम्हाला थांबवणार आणि अक्षांश सांगणार. पेरू देशाचं सलाद केलं तेव्हा तर त्यांनी मला पाऊण तास थांबवलं. पिवळ्या आलूचे थर एकावर एक, केकसारखे. "पेरू म्हणजे आलूचं माहेर होय, भोयरभाऊ. माहेरी आलू कसा नटून बसते, पाहा." जपानमध्ये आलू अर्धाच कुस्करतात, अर्धा अख्खा ठेवतात, यावर त्यांनी भाजीबाजारात काकडीवालीला उभं करून व्याख्यान दिलं. ती म्हणाली, "गुरुजी, पावभर घेता की नाही, ते सांगा." आणि कोरियाच्या शनिवारी त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात येऊन आलूत सफरचंद किसलं, तेव्हा माझी बायको मंदा ओट्याला धरून उभी राहिली.

"आलूत सफरचंद?" ती माझ्या कानात म्हणाली. "अजी, याहिले कोणी आवरा."

आमच्या स्वयंपाकघरात अशासाठी, की गुरुजींकडे फ्रिज नाही. "फ्रिज म्हणजे आळसाची पेटी," असं त्यांचं मत. तो आळस त्यांनी आमच्याकडे ठेवायला दिला आहे. शनिवारी संध्याकाळी ते स्टीलचा डबा आणून आमच्या वरच्या कप्प्यात ठेवतात, झाकणावर चिठ्ठी: "जपान", "लेबनॉन". रविवारी सकाळी साडेनऊला डबा घेतात आणि आंधळगावची बस पकडतात.

आंधळगावला त्यांची मोठी बहीण पुतण्याकडे राहते. मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात. सगळे देश या बाईसाठी.

"बाईचं वजन भरलं पाहिजे, भोयरभाऊ," गुरुजी मला सांगत. "महिना संपला की नागपूरचा डॉक्टर काट्यावर उभी करन. वजन भरलं नाही तर नाकातून नळी टाकन म्हणते."

"मग साधा वरणभात काहून खात नाही त्या?"

"देश बदलला की खाते," गुरुजी म्हणत, आणि विषय तिथेच संपवत.

मी मनाशी ठरवून टाकलं, म्हातारीचे नखरे आहेत. आणि नुसतं ठरवून थांबलो असतो तर मी कसला! पानठेल्यावर उभा राहून मी गुरुजींची नक्कल करायचो. कारण प्रत्येक देश मला चमचाभर चाखायला मिळे, आणि माझ्या लक्षात आलं होतं, की सगळे देश एकाच चवीचे आहेत. दिसायला वेगळे, चवीला दही आणि आलू. लेबनॉनमध्ये लसूण नाही, रशियात लोणचं नाही, अमेरिकेत मोहरी नाही. "गुरुजी जगभर फिरतात," मी म्हणायचो, "पण आलू काही तुमसर रोडच्या पुढे जात नाही." लोक हसायचे. गुरुजींच्या कानावर गेलं. ते एवढंच म्हणाले, "हो, थोडं तसं होते."

तर त्या रविवारी मंदा सकाळीच बहिणीकडे गेली होती. जाताना म्हणाली, "मधल्या कप्प्यात शिळी भाजी आहे, गाईले घाला." मला चष्मा सापडेना. चष्मा कपाळावर होता, हे नंतर कळलं. कप्पा मी एक वर मोजला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

चिठ्ठी हातात आली ती डबा धुताना. "जर्मनी". ओली होऊन शाई माझ्या अंगठ्याला लागली होती.

आता एखादा शहाणा माणूस काय करील? शेजारी जाईल, म्हणेल, "गुरुजी, चूक झाली." मी कुकर लावला. आलू उकडले, सोलले, बोटं भाजून घेतली. पुढे काय घालायचं? गुरुजींनी आदल्या संध्याकाळी जर्मनीवर अर्धा तास सांगितलं होतं, की उत्तरेला एक रीत, दक्षिणेला दुसरी. पण मी तेव्हा क्रिकेट बघत होतो. मी विचार केला, जर्मन माणसं धिप्पाड. बर्फात राहणारी. त्यांना फिकं कसं चालेल? मग मी लवंगी मिरच्यांचा ठेचा घातला. कच्चा कांदा घातला. लिंबू पिळलं. वरून दही फासलं, म्हणजे रंग जुळला. डबा अर्धा तास बर्फाच्या खणात कोंबला आणि चिठ्ठी वाळवून पुन्हा चिकटवली.

"गार आहे ना?" गुरुजींनी विचारलं.

"एकदम गार."

ते बसला गेले. मी पलंगावर आडवा झालो आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन झोपलो. हे मुद्दाम सांगतो. मी झोपलो होतो.

ते लवकर परतले. एरवी संध्याकाळच्या बसने येत, त्या दिवशी दुपारीच आले. आमच्या ओसरीवरच्या खुर्चीत बसले. पाणी दिलं, प्यायले नाहीत.

"भोयरभाऊ, डब्यात काय होतं?"

"जर्मनी," मी म्हणालो.

"जर्मनीत लवंगी मिरची होत नाही," गुरुजी म्हणाले. आवाज वर्गातला नव्हता. मला पुढे वाकून ऐकावा लागला. "बाईच्या गालाचं ऑपरेशन झालं आहे. चाळीस वर्षं तंबाखूचा खर्रा खाल्ला तिनं. मग नागपूरले किरणांचा शेक दिला, तीसेक दिवस. तोंड आतून सोललं आहे. दूध कोमट असलं तरी झोंबते. चव तर गेलीच. आलू खाल्ला काय, माती खाल्ली काय, तिले एकच."

मी उभाच होतो. बसायचं सुचलं नाही.

"म्हणून मी झोंबणारं सगळं काढून टाकतो. चव देणं तर माह्या हातात नाही. मग देश सांगतो. सांगत असलो की ती विचारते, विचारत असली की एक एक चमचा जाते. आज पहिलाच चमचा गेला…" त्यांनी पाण्याचा पेला बाजूला सारला. "बोंबलली नाही ती. पदर लावला तोंडाले, अन् डोळ्यातून पाणी, पाणी. मग म्हणे, 'सुख्या, आता नको आणू देश.'"

सुख्या म्हणजे गुरुजी. सुखदेव. त्यांना एकेरी हाक मारणारं जगात कोणी असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"दुसऱ्याच्या धानाच्या रोवणीत, चिखलात पाय कुजवले तिनं, म्हणून माह्या हातात खडू आला," गुरुजी म्हणाले आणि उठून गेले. मला एक शिवी दिली असती तरी रात्री जेवण गेलं असतं.

बुधवारी मंदाकडून कळलं, बाई पाण्याशिवाय काही घेत नाही. रविवारी मी साडेनऊला आंघोळ करून त्यांच्या दारात उभा राहिलो. गुरुजींनी मला पाहिलं आणि दाराला कुलूप लावलं. एका हातात डबा, काखेत शाळेने निरोप देताना दिलेला, दर रविवारी बाईकडे जाणारा जगाचा गुंडाळी नकाशा. चिठ्ठी होती "टर्की". बसमध्ये नकाशा मी धरला. तेवढं त्यांनी धरू दिलं.

बाई खाटेवर बसली होती. मूठभर बाई. पदर नाकापर्यंत.

"बाई," मी म्हणालो, "तो जर्मनी माह्या हातचा होता. गुरुजींचा गाईनं खाल्ला."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं. गुरुजींनी खिळ्याला नकाशा टांगला, छडी घेतली, डबा तिच्या मांडीवर ठेवला आणि सुरू केलं, "बाई, टर्की. अर्धा देश आशियात, अर्धा…" ती भिंतीकडेच पाहत होती. चमचा डब्यात तसाच उभा. "अर्धा देश युरोपात…" गुरुजींनी पुन्हा म्हटलं, आणि त्यांचा तो आवाज, ज्याने पिढ्या जाग्या केल्या, मधेच तुटला. ते छडी धरून खाली बसले.

मला काय झालं माहीत नाही. घबराटीत माणूस काहीही करतो. मी छडी उचलली आणि नकाशावर जिथं हात पोचला तिथं टेकवली.

"तर टर्की!" मी म्हणालो. "टर्की म्हणजे… इथून निघायचं. गोंदियाच्या पुढे. बरंच पुढे."

मग पदराआडून बारीक, जड आवाज आला.

"तिथं धान होते काय?"

"होते! होते ना बाई! चिक्कार होते. तलाव आहेत आपल्यासारखे. शिंगाडे आहेत. रोवणीले बाया गाणी म्हणतात."

एक चमचा गेला.

"अन् लग्नात?"

"लग्नात पंगत. आलू-वांगं. पण थंडं! चूलच पेटवत नाही तिथली माणसं. आचारी नुसता बसून राहते, अन् त्याले आहेर करतात."

पदर हलला. दुसरा चमचा. तिसरा. मी टर्कीत हत्ती सोडले, मोहाची फुलं वेचली, तुमसरहून टर्कीला एक पॅसेंजर गाडी सुरू केली. गुरुजींकडे पाहायची माझी हिंमत नव्हती, पण दिसत होतं. माझ्या प्रत्येक वाक्याला ते कपाळावर हात मारायला उचलत होते, आणि चमचा वर जाताना दिसला की हात तसाच खाली घेत होते. आयुष्यभर ज्यांनी पोरांना एका चुकीच्या राजधानीसाठी बाकावर उभं केलं, ते डोळ्यांदेखत आशिया खंडाची वाट लागताना पाहत होते, ओठ घट्ट मिटून. शेवटी त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. खांदे हलत होते. हसत होते की दुसरं काही, ते मी पाहिलं नाही.

डब्याचा तळ वाजला. बाईने चमचा चाटून ठेवला, पदराने तोंड टिपलं, आणि छडीच्या टोकाकडे बोट केलं.

"भाऊ, तुम्ही मघापासून जिथं काडी टोचून राहिले, ते ब्राझील होय. ते मी मागच्या महिन्यातच खाल्लं."

मग भावाकडे वळून म्हणाली, "सुख्या, या माणसाले काहीच येत नाही रे. पुढच्या रविवारी यालेच आणजो."