ड्यूकचे दात आणि आबासाहेबांची पाठ

आबासाहेबांच्या हाताच्या अंगठ्याला चिंधी बांधता बांधता गोजरबाई म्हणाल्या, "सायबानं कुत्रं दिलंय का सूड उगवलाय तुमच्यावर?"

"हळू बोल की!" आबासाहेबांनी दाराकडं पाहिलं. "बक्षीस हाय ते. साऱ्या आफिसात कुणाला दिलं? मला."

दुसऱ्या कुणी ते घेतलंच नव्हतं, हे आबासाहेबांनी घरात सांगितलं नव्हतं. गिरणीतल्या वीव्हिंग मास्तरच्या, म्हणजे विणाई खात्याच्या गोऱ्या साहेबाच्या कुत्रीला पिल्लं झाली, त्यातलं हे शेवटचं उरलं होतं, कारण ते दिसेल त्याला चावत होतं. पण गिरणीत हेडक्लार्कची जागा रिकामी होणार होती आणि ती कुणाला द्यायची हे साहेबाच्या हातात होतं. त्या जागेपायी आबासाहेबांनी मगरसुद्धा काखेत घालून आणली असती. गेल्या उन्हाळ्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला, तेव्हा पांढऱ्या टोपीवरून कुणाला गांधीवाला असल्याचा संशय यायला नको म्हणून या गृहस्थानं आपली लग्नातली टोपी चुलीत घातली होती. वर, "पाणी बरं तापलं" असंही म्हणाले होते.

पिल्लाचं नाव ड्यूक. आबासाहेबांची आई बजाबाई, माढ्याकडची म्हातारी, त्याला डुक्या म्हणायची. धोतराचा सोगा, लुगड्याचा काठ, पायाची टाच, हाताचं बोट, कशाचाही भेदभाव न करता डुक्या चावत होता. त्यात साहेबानं कळवलं होतं, की पिल्लू कसं काय वाढतंय ते बघायला रविवारी मी स्वतः येणार. म्हणजे रविवारच्या आत त्याचं चावणं सुटलं नाही, तर हेडक्लार्कीच्या नावानं आंघोळ करायची.

"एक टोला हाण, गप बसतंय," बजाबाई म्हणाल्या.

"आई, सायबाचं कुत्रं हाय. अंगावर वळ दिसला तर हाय ती नोकरीबी जाईल."

शेवटी आबासाहेब साहेबाच्या बंगल्यावर मागच्या दारानं गेले आणि तिथल्या बटलरला शरण गेले. बटलर कांदा चिरत होता. "मारना नक्को," तो म्हणाला. "काटा तो कुत्ते के माफिक चिल्लाना. फिर दिवार के तरफ मुं करके खडे रैना. घर में जित्ते लोगां हैं, सबने. कुत्ते कू शरम आती." असं सांगून तो डोळे पुसत आत गेला. ते डोळे कांद्यानं भरून आले होते की हसण्यानं, हा प्रश्न आबासाहेबांना पडला नाही. बंगल्यातून आलेली गोष्ट थापही असू शकते, एवढी अक्कल असती तर ते आबासाहेब कसले!

घरी येऊन त्यांनी फर्मान काढलं. "चावलं की केंऽ करायचं आणि भिंतीकडं तोंड फिरवायचं. ज्याला चावलं त्यानंच न्हाय, समद्यांनी. आन् मागं वळून बघायचं न्हाय."

"म्हंजी मी सासूपुढं कुत्र्यागत वरडू?"

"हेडक्लार्काची बायको व्हायचं का न्हाय तुला?"

बजाबाईंच्या तोंडून सुरुवातीला "केंऽ"ऐवजी "मुडद्या" निघायचं. "आई, शिवी न्हाय, केंऽ," असं आबासाहेब भिंतीकडं तोंड करूनच दुरुस्त करायचे. पण म्हातारी पुढं इतकी तयार झाली, की सून जरा टोचून बोलली तरी केंऽ करून भिंतीकडं वळायची. गोजरबाईंना नवऱ्याच्या हुशारीचा पुरता वीट आला.

शेजारी रुद्रप्पाचं भुसाराचं दुकान होतं. ड्यूक तिथंही पोचला. ज्वारी मापता मापता रुद्रप्पाची टाच पकडली गेली. "केंऽ करा, रुद्रप्पा! पाठ फिरवा!" आबासाहेब घरातून ओरडले.

"अय्यो, माप अर्ध्यावर हाय की, आबासाब!"

"माप राहू द्या! माझ्या जागेचा सवाल हाय!"

रुद्रप्पा बिचारा भला माणूस. त्यानं हातात मापटं धरूनच पाठ फिरवली. मग गिऱ्हाइकांनी फिरवली, नळावरच्या बायकांनी फिरवली. गल्लीला हा खेळ इतका आवडला, की कुठूनही "केंऽ" ऐकू आलं की सगळी गल्ली भिंतीकडं तोंड करून उभी राहू लागली. ड्यूक मधोमध शेपटी हलवत पुढची टाच निवडायचा. शरमेचं नाव नव्हतं. माणसांना असं नाचवता येतं, हे एवढ्या लहान वयात कळल्यावर शरम कशाला वाटेल?

रविवार उजाडला. डुक्या चावतच होता. आबासाहेबांचा चेहरा पाहून बजाबाईंना दया आली आणि त्यांनी पिल्लापुढं वाडगाभर दूधभाकरी ठेवली, ती संपली तेव्हा आणखी ठेवली. साहेबाची मोटार गल्लीत शिरली, तेव्हा डुक्या पोट टम्म फुगवून रुद्रप्पाकडून मागून आणलेल्या खुर्चीखाली पडला होता. मोटार बघायला सगळी गल्ली दारात लोटली.

साहेबानं वाकून पिल्लाच्या तोंडात बोट घातलं. ड्यूकनं जांभई दिली.

"वंडरफुल!" साहेब खूश झाला. "बाबू, तुम हुशार आदमी. कल से तुम हेडक्लार्क!" आणि त्यानं हात पुढं केला.

साहेबाचा हात हातात घ्यायची पाळी आबासाहेबांवर जन्मात आली नव्हती. त्यांनी भीत भीत चिंधी बांधलेला हात पुढं केला. साहेबानं तो पकडला आणि सगळ्या जोरानिशी दाबला.

"केंऽऽ!"

आबासाहेब गर्रकन भिंतीकडं वळले. गोजरबाई वळल्या, बजाबाई वळल्या. दारातला रुद्रप्पा वळला आणि त्याच्यामागं सगळी गल्ली वळली. साहेबाला जिकडंतिकडं नुसत्या पाठी दिसू लागल्या. गेल्या वर्षीपासून या गावात गोऱ्या माणसाला बरंच काही बघावं लागलं होतं. पण खुद्द आबासाहेबानं पाठ फिरवावी! साहेबाचं तोंड लालबुंद झालं.

"बॉयकॉट? हमारा बॉयकॉट? कल से गिरणी में पाँव मत रखना!"

मोटारीचा आवाज गल्लीबाहेर गेला, तेव्हा कुठं आबासाहेब वळले. हेडक्लार्की आली तशी गेली होती आणि जाताना जुनी नोकरीही घेऊन गेली होती.

गावात ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. दुपारच्या आत लोक हार घेऊन आले. कुणीतरी आबासाहेबांच्या डोक्यावर पांढरी टोपी चढवली आणि त्यांना त्याच खुर्चीवर बसवलं. "आबासाब, आमी तुमाला सायबाचा हुजऱ्या समजत हुतो. माफी करा," एक म्हातारा पाया पडला.

आबासाहेबांनी खरं सांगायला तोंड उघडलं. मग त्यांनी हाराकडं पाहिलं, गर्दीकडं पाहिलं. नोकरी तर गेलीच होती. कुत्र्यागत ओरडल्याचं सांगून उरलीसुरली लाजही कशाला घालवा?

"त्येचं काय हाय," ते घसा खाकरून म्हणाले, "मी पयल्यापास्नंच ठरवलं हुतं..."

खुर्चीखाली डुक्याची झोप मोडली. समोर आबासाहेबांची टाच होती. त्यानं ती मनसोक्त धरली.

आबासाहेबांचं तोंड उघडलं आणि आवाज न करता मिटलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते पाहून म्हाताऱ्याचेही डोळे भरले. "बघा, बोलताबी येईना त्यास्नी! भारत माता की..."

"जय!" गल्ली दणाणून गेली.

गोजरबाईंना खुर्चीखालचं दिसत होतं. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि मुकाट्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं.